आकडीचा कोयता

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या दोन्ही अंगांना ज्या भूमीवर आज उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे एकमेकांस खेटून उभी आहेत, ती भूमी शंभर वर्षांपूर्वी मुख्यतः तीन प्रकारांत विभागलेली असे : सखल जागी भाताची खाचरे, त्यांच्या वरच्या अंगास वरकस माळ, आणि माळापलीकडे डोंगरापर्यंत पसरलेले सरकारी जंगल. या तिन्ही ठिकाणी पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत राबणाऱ्या आगरी, कुणबी, ठाकूर किंवा कातकरी माणसाच्या अंगावर वस्त्र अपुरे असले, तरी त्याच्या कमरेला एक वस्तू हटकून असे. आणि ती म्हणजे करगोट्याला वा कमरेच्या दोरीला बांधलेली आकडी व त्या आकडीत पाठीमागे लोंबणारा कोयता. शेताबागेतील छाटणीसाठी घडविलेल्या जुन्या चाकूंचा संग्रह करणारे हौशी लोक जगात पुष्कळ आहेत; परंतु त्यांच्या मनातला चाकू मिटतो, मुठीत शिरतो आणि खिशात जातो. आमचा कोयता मिटत नाही आणि खिशातही मावत नाही. तो तसा का घडला, या प्रश्नाचा पाठपुरावा करू लागले, की उल्हास नदीच्या या खोऱ्यातील शेती, जंगल आणि सरकार यांच्या दीडशे वर्षांच्या व्यवहाराचे एक प्रकरणच आपल्यापुढे उघडते.

युरोपातील छाटणीचे पाते द्राक्षवेलीच्या सहवासात वाढले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोलुमेला या रोमन ग्रंथकाराने शेतीवर जो विस्तृत ग्रंथ लिहिला, त्यात त्याने वेल छाटण्याच्या वाकड्या पात्याचे सहा भाग सहा निरनिराळ्या नावांनी सांगितले असून, ओढून कापावे कोणत्या भागाने, तासावे कोणत्या भागाने, घाव घालावा कोणत्या भागाने आणि अडचणीच्या जागी टोक खुपसावे कोणत्या भागाने, याचा बारकाईने खुलासा केला आहे. त्याच पात्याची मुठीत मिटणारी लहान आवृत्ती पुढे युरोपातील माळ्यांच्या खिशात आली. इंग्लंडातील शेफील्ड हे अशा चाकूंचे मोठे आगर होते; जर्मनीत रॉयटलिंगेन येथील टीना हा कारखाना १८५४ मध्ये निघाला; आणि सॅव्हॉयच्या डोंगराळ मुलखात ओपिनेलचा लाकडी मुठीचा चाकू १८९० पासून शेतकऱ्यांच्या हाती खेळू लागला. मात्र त्यापूर्वीच, १८१५ च्या सुमारास, बर्ट्रां द मोलव्हील नावाच्या एका फ्रेंच सरदाराने छाटणीची कात्री शोधून काढली होती, आणि तिने चाकूचे बरेचसे काम हळूहळू आपल्याकडे घेतले. नाशिकच्या द्राक्षबागांत एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी आज ज्या ‘सिकेटर’ने होते, ती याच कात्रीच्या वंशातील. ज्या हत्याराचे काम सुटते ते संग्राहकाच्या पेटीत जाते, हा जगाचा क्रम आहे. युरोपातील माळ्याच्या चाकूचेही तसेच झाले.

आता उल्हासच्या खोऱ्याकडे वळू. घडीच्या चाकूला खिसा लागतो आणि खिशाला शिवलेले वस्त्र लागते. लंगोटी, खांद्यावर घोंगडी आणि पावसाळ्यात पाठीवर इरले, एवढ्या सरंजामावर ज्याचे वर्ष निघते, त्याला मिटणारे पाते ठेवावे कोठे हा प्रश्नच उद्भवत नाही. परंतु एवढ्यावरून बिजागरीची कला महाराष्ट्राला अवगत नव्हती, असा निष्कर्ष कोणी काढू नये. आमच्या लोहारा-तांबटांनी आपले बिजागरीचे सारे कौशल्य ज्या वस्तूवर खर्च केले, ती वस्तू म्हणजे अडकित्ता. आणि आमच्या पूर्वजांपाशी शिवलेला खिसा नसला तरी पानसुपारीची चंची होती. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी दिवे, विळ्या, अडकित्ते अशा घरगुती वस्तू गावोगाव हिंडून जमविल्या आणि आपल्या दिवंगत पुत्राच्या नावाने ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ उभे केले. त्या संग्रहातील अडकित्त्यांची पंक्ती न्याहाळणाऱ्यास हे तत्काळ पटते, की जोडलेल्या दोन पात्यांवर जेवढी कल्पकता आणि जेवढी नजाकत खर्च करता येईल तेवढी आमच्या कारागिरांनी केलेली आहे. भेद कौशल्यात नव्हता, वाटणीत होता : बिजागरी विश्रांतीच्या वाट्याला आली आणि अखंड पाते श्रमाच्या वाट्याला. केळकरांनी एका वाट्याची निगा राखली. दुसऱ्या वाट्याकडे पाहणारी नजर अजून पुरती तयार झालेली नाही.

कोयत्याचा आकार ज्या कामाने ठरविला ते काम म्हणजे राब. ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांत भाताचे रोप ज्या तुकड्यात वाढवावयाचे, तो तुकडा पावसापूर्वी भाजण्याची वहिवाट फार जुनी आहे. जमिनीवर शेणाचा थर द्यावा, त्यावर झाडांचा टहाळ पसरावा, त्यावर गवत व पालापाचोळा घालावा, वारा उडवून नेऊ नये म्हणून सर्वांवर बारीक माती लोटावी, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस, आग भडकून न जाता सावकाश मुरत जावी अशा बेताने, वाऱ्याच्या उलट अंगाने ती लावावी, असा हा विधी. पहिल्या पावसानंतर त्या काळ्या भुईत बी पडे आणि तेथले रोप उपटून आवणीला नेत. या टहाळासाठी हिवाळ्यात ऐन, किंजळ यांसारख्या झाडांवर चढून कोवळ्या-निबर फांद्या खांडाव्या लागत. आणि वर्षानुवर्षे अशी खांडणी सोसलेल्या ऐनाचा बुंधा गाठी-गाठींनी भरून, शेंड्याशी तेवढा पाल्याचा झुपका राखून उभा असे. वरकस जमीन ही भातजमिनीच्या पदरी बांधलेली असे ती याचसाठी. खाचराला जसे पाणी, तसा टहाळ.

झाडावर चढणाऱ्यास दोन्ही हात मोकळे हवेत, आणि वर पोहोचल्यावर एका हाताने फांदी धरून दुसऱ्या हाताने हत्यार उपसता व परत अडकविता आले पाहिजे. नखाने पाते उकलून उघडावयाचा चाकू तेथे निरुपयोगी ठरला असता. आकडी ही त्या अडचणीची तोड आहे. लोखंडाची पट्टी वाकवून केलेली असो, की कोरलेल्या लाकडाची असो, ती कमरेच्या मागच्या अंगास असते. कोयता तीत सोडला की स्वतःच्या भाराने लटकून राहतो, आणि माणूस वाकला, धावला, झाडावर चढला, तरी पाते अंगाला लागत नाही. म्हणूनच आकडीवाचून कोयता हा जिनसाचा अर्धाच भाग समजावा.

कोयता हातात घेऊन पाहावा. पाठ जाड, धार आतल्या वळणाला, आणि टोकाला आत झुकलेली चोच. ही चोच दूरची फांदी ओढून घेण्यासाठी, तोडलेली काटेरी डहाळी हात न लावता बाजूस सारण्यासाठी आणि क्वचित जमिनीवर पडलेला भारा उचलण्यासाठी. वजन चोचीकडे अधिक, म्हणजे मनगटाने केवळ दिशा द्यावयाची आणि घाव पात्याने आपल्या भाराने घालावयाचा. पात्याची निमुळती शेपटी लाकडी मुठीत तापवून ठोकलेली असते आणि मूठ फुटू नये म्हणून तिच्या तोंडाशी लोखंडी कडी बसविलेली असते. जुना कोयता ओळखावयाचा तो त्याच्या झिजेवरून. ज्याने टहाळ तोडला त्याची धार मध्यभागी खोल जाते. ज्याने बांधावरचे काटेकुंपण साफ केले त्याची चोच आधी बोथट होते. ज्याने लाकूड फोडले त्याच्या पाठीवर दुसऱ्या हत्याराचे ठोके उमटलेले असतात. आणि डावखुऱ्या धन्याच्या कोयत्याला धारेची उतरण उलट्या बाजूने पडते.

हा कोयता घडविणारा लोहार कोठे गावात वस्तीला असे, तर कोठे घिसाड्यांचा फिरता संसार सुगीच्या मागेपुढे रस्त्याच्या कडेस भाता मांडून बसे. घिसाडी स्त्री दोन्ही हातांनी घण उचलते आणि पुरुष सांडशीत धरलेले लोखंड ऐरणीवर फिरवितो, हे दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना या धंद्यातील श्रमविभाग वेगळा समजावून सांगावयास नको. मोटारी आल्यावर त्यांच्या मोडक्या कमानपट्ट्यांचे पोलाद या कामास फार उत्तम ठरले. पट्टा छिन्नीने तोडून, लाल करून, ठोकून वळण दिले की शेवटचा आणि कसोटीचा भाग उरतो तो पाणी देण्याचा. सगळे पाते पाण्यात बुडविले तर ते कडक होते खरे, पण पहिल्याच गाठीवर मोडते. म्हणून जाणता लोहार तापलेल्या पात्याची केवळ धारेची कड पाण्यात धरतो, मग बाहेर काढून ती घासून स्वच्छ करतो, आणि पाठीत उरलेली उष्णता धारेकडे सरकत असताना तेथे गवती पिवळा रंग उमटला की त्याच क्षणी पुन्हा बुडवितो. निळा रंग आला तर धार मऊ पडली. धार कठीण आणि पाठ चिवट, हा जो दुहेरी गुण कोयत्यात उतरतो, तो या क्षणभराच्या पारखेने. त्याला मोजमापाचे साधन नाही.

असे हे निरुपद्रवी शेतकामाचे हत्यार सरकारच्या नजरेस कसे आले, हे पाहणे उद्बोधक आहे. १८७८ साली हिंदुस्थान सरकारने दोन कायदे केले. एक शस्त्रांचा आणि दुसरा जंगलांचा. शस्त्रांच्या कायद्यात बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, धनुष्यबाण यांची गणना होती. कोयत्याचे नाव त्या यादीत नव्हते, आणि परवान्यावाचून तो कमरेला लावून हिंडण्यास मुभा राहिली. परंतु जंगलच्या कायद्याने राखीव रानातील झाड तोडणे तर राहोच, त्याची फांदी खांडणे हाही गुन्हा ठरविला. आणि गुन्ह्यात सापडलेल्या मालाबरोबर हत्यारे, होड्या, गाड्या व गुरेढोरे जप्त करण्याचा अधिकार जंगलच्या अंमलदारास दिला. म्हणजे जे पाते पहिल्या कायद्याच्या दृष्टीने शस्त्र नव्हते, तेच दुसऱ्या कायद्याच्या दृष्टीने मुद्देमाल झाले. कोयत्याच्या इतिहासात याहून मोठी घटना नाही.

याची कारणे केवळ कागदोपत्री नव्हती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८५४ मध्ये कल्याणास पोहोचली आणि १८५६ मध्ये अंबरनाथ-बदलापूरवरून पळसदरीपर्यंत गेली. रुळांखालच्या स्लीपरांना लाकूड लागले, एंजिनांना जळण लागले, आणि मुंबईच्या वाढत्या वस्तीच्या चुलींना सरपण व कोळसा लागला. जे रान आजवर खाचराच्या सेवेत होते त्याला आता बाजारात भाव आला, आणि ज्याला भाव आला त्याची राखण करण्याची बुद्धी सरकारास झाली. शेतकऱ्याने राबासाठी फांदी खांडणे हा हक्क की सवलत, हा वाद पेटला. सरकार म्हणे सवलत, कारण सवलत काढून घेता येते. शेतकरी म्हणे हक्क, कारण त्याच्यावाचून जमाबंदीत आकारलेला सारा भरता येत नाही. जंगल खात्याच्या या वागणुकीवर महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात कठोर प्रहार केले. ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांतील गाऱ्हाणी इतकी वाढली, की मुंबई सरकारला १८८५ मध्ये जंगल कमिशन नेमावे लागले आणि त्याचा अहवाल १८८७ मध्ये बाहेर पडला. राब हा केवळ अडाणी लोकांचा हट्ट आहे की त्यात काही कृषिशास्त्र आहे, हाही प्रश्न त्या निमित्ताने पुढे आला. त्याचे उत्तर शोधण्याचे काम पुढे शास्त्रज्ञांकडे गेले, आणि पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे डॉ. हॅरोल्ड मॅन यांनी जोशी व कानिटकर या आपल्या सहकाऱ्यांसह विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी या पद्धतीवर प्रबंधच लिहिला. रोप जोमाने येते ते राखेच्या खताने की मातीला लागलेल्या आचेने, याचा त्यांनी प्रयोगपूर्वक विचार केला. आणि ज्या गोष्टीची फॉरेस्टच्या दप्तरात उधळपट्टी म्हणून नोंद होई, तिला प्रयोगशाळेत विचाराचा विषय म्हणून स्थान मिळाले.

पुढे १९३० च्या चळवळीत मिठाचा कायदा समुद्रकाठी मोडला गेला, तर समुद्र नसलेल्या मुलखात जंगलचा कायदा मोडण्यात आला. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे राखीव रानातील गवत कापून सत्याग्रह केला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला उरणजवळच्या चिरनेर येथे अक्कादेवीच्या माळावर जमलेल्या ग्रामस्थांवर गोळीबार झाला व त्यात आठ जणांनी प्राण गमावले. या सत्याग्रहात लोकांनी कोणतेही नवे साधन हाती घेतले नव्हते. रोजच्या कामाचा कोयता आणि विळाच त्यांच्याजवळ होता. फक्त एरवी जे काम रखवालदाराचा डोळा चुकवून होई, ते आता वाजतगाजत झाले. छाटणीचे एखादे पाते राजकीय इतिहासात असे सरळ प्रविष्ट झाल्याचे उदाहरण शेफील्डच्या चाकूपाशी सापडणे कठीण.

यानंतर कोयत्याचे राज्य संपले ते कायद्याने नव्हे. अंबरनाथला १९२० नंतर विमकोचा आगकाड्यांचा कारखाना आला, मग दारूगोळ्याचा आला. दुसऱ्या महायुद्धात कल्याणलगतची जमीन सैन्याच्या छावणीसाठी गेली. फाळणीनंतर त्याच छावणीच्या बराकींत सुमारे एक लाख सिंधी निर्वासित येऊन राहिले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. सर्वस्व मागे टाकून आलेल्या त्या उद्यमी लोकांनी जे मिळेल ते घडविले आणि विकले. काही दशकांनी तेथे जीनच्या विजारी शिवण्याचा धंदा इतका फोफावला, की वालधुनी नदीचे पाणी त्यांच्या रंगाने निळे झाले. ज्या खोऱ्यातील माणसाला शंभर वर्षांपूर्वी खिसाच नव्हता, ते खोरे आता देशभराच्या बाजारासाठी खिसे शिवू लागले, हा कालाचा विनोद म्हणावा लागेल. खाचरे बिनशेती झाली, राब भाजण्याचे कारण उरले नाही, आणि ऐनावर चढणारा माणूस गाडी पकडून मुंबईस नोकरीला जाऊ लागला.

बदलापूरच्या बाजूला बागाईत उरले, त्यातही हत्यार बदलले. आंब्याच्या कलमाची विद्या पोर्तुगीजांच्या काळापासून कोकणपट्टीला परिचित असून, १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोय कलमाचा प्रसार केला. त्या कामाला पातळ, सरळ, वस्तऱ्याच्या जातीचे पाते लागते. बदलापूरच्या ज्या जांभळाला अलीकडे भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे लाकूड ठिसूळ. त्याच्या फांदीला घावापेक्षा करवत मानवते. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांनी नऊ इंचांहून लांब वा दोन इंचांहून रुंद पात्यांवर निर्बंध घातला, तरी घरगुती व शेतीच्या कामाची पाती त्यातून वगळली, म्हणून कोयता अद्याप विनापरवाना विकत मिळतो. तो पाहावयाचा असेल तर पौष पौर्णिमेस मुरबाड तालुक्यातील म्हसे येथे भरणाऱ्या यात्रेला जावे. बैलांचा बाजार, घोंगड्यांची दुकाने, सुपे-टोपल्या यांच्या ओळीतच लोखंडी हत्यारांची पाले असतात, आणि गिऱ्हाईक पाते बोटाने टिचकावून नाद ऐकते, मूठ आवळून भार जोखते, मग भाव करते.

संग्राहकाने या गिऱ्हाइकापासूनच धडा घ्यावा. आमच्याकडे जुन्या वस्तूला घासूनपुसून चकचकीत करण्याची जी हौस आहे तिने कोयत्याचे फार नुकसान होते. कारण गंज काढण्याच्या नादात झीज जाते, आणि झीज गेली की त्या पात्याने कोणते काम केले ते सांगणारा एकुलता एक साक्षीदार गेला. मूठ बदलू नये, धार लावू नये, तेलाचा हलका हात फिरवावा, इतकेच. याहून महत्त्वाचे म्हणजे वस्तूबरोबर हकीकत घ्यावी : गाव कोणते, झाड कोणते, टहाळाला वापरला की कुंपणाला, लोहार वस्तीचा की फिरता, पोलाद कशाचे. ही माहिती देणारी पिढी आज म्हातारी झालेली आहे. तिच्यामागे कोयता भंगाराच्या भावाने जाईल.

अंबरनाथच्या शिवालयावर शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा लेख आहे. त्यामुळे शिलाहार राजा मम्वाणी आणि त्याचे अमात्य आपल्याला नावानिशी ठाऊक आहेत. ज्या छिन्न्यांनी तो काळा पाषाण कोरला गेला त्या घडविणाऱ्या लोहारांचा मात्र कोठे उल्लेख नाही, आणि तो कोणी करीलही अशी त्या काळी अपेक्षा नव्हती. आपल्या काळाला ही सबब सांगता येणार नाही. या तीन शहरांच्या नगरपालिका-महानगरपालिकांनी, ग्रंथालयांनी आणि शाळांनी मनावर घेतले तर एका खोलीत आणि एका नोंदवहीत हे काम होण्यासारखे आहे. आणि ज्याला एकट्यानेच ते आरंभावयाचे असेल त्याने एवढा नियम पाळावा, की कोयता घ्यावा तो आकडीसकट घ्यावा, आणि दाखल्यासकट ठेवावा.